कागदावरची जन्मतारीख



मध्यंतरी लेकीच्या ओसीआय कार्डाचे फॉर्म भरत होतो. जन्मदाखला, आमचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला... वैतागून ऑफिसात कुरकुर केली. टीममधली एक सिनियर सहकारी हसून म्हणाली, "माझी तर जन्मतारीखसुद्धा कुणीतरी अंदाजाने लिहिलीय." चेहरा व्हिएतनामी, आडनाव आयरिश. इतकी वर्षं शेजारी बसतो, पण कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री वाचायला बसलो.

३ एप्रिल १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी 'ऑपरेशन बेबीलिफ्ट' जाहीर केलं. सायगाव पडायच्या बेतात होतं. दुसऱ्याच दिवशी सी-५ए हे अजस्र विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळलं. १३८ जण गेले, त्यात ७८ मुलं. तरीही विमानं उडत राहिली. ३० एप्रिलला सायगाव पडलं, तोवर अडीच हजारांहून जास्त मुलं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात पोचली होती.

आपण बे एरियावाले ज्या प्रेसिडिओत रविवारी फिरायला जातो ना, तिथेच हार्मन हॉलमध्ये जमिनीवर गाद्या घालून यातली कितीतरी मुलं ठेवली होती. मदतीला आलेल्या एका व्हिएतनामी नर्सशी मोठी मुलं बोलू लागली तेव्हा कळलं, की सगळीच काही अनाथ नव्हती. कुणाची आई जिवंत होती. लढाईच्या भीतीने काही आयांनी मुलं अनाथाश्रमात ठेवली होती. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात खटला उभा राहिला. पण सगळ्या मुलांच्या वतीने तो एकत्र चालवायला कोर्टाने शेवटी नकार दिला.

'डॉटर फ्रॉम दानांग' (२००२) हा माहितीपट जरूर बघा. सात वर्षांची असताना टेनेसीत आलेली हायडी बब बावीस वर्षांनी आईला भेटते. आनंदाचे चार दिवस जातात, आणि मग भाऊ विचारतो, आईसाठी दरमहा काही पाठवशील का? ती कोसळतेच. मला आधी तिचा रागच आला. घरी पैसे पाठवणं यात विचारायचं काय? मग लक्षात आलं, हे आपल्या रक्तात नाही, ते आपण घरात बघून शिकलो. तिला ते कोण शिकवणार होतं?

२००० साली, पंचवीस वर्षं झाल्यावर, ही मुलं मोठ्या संख्येने एकमेकांना भेटू लागली. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या. पुढे काहींनी डीएनए चाचण्यांतून नातलग शोधले. सहकारीला मात्र कुणीच सापडलेलं नाही. ती म्हणाली, "गोऱ्यांच्यात मी आशियाई, व्हिएतनामी हॉटेलात भाषा न येणारी. त्या लोकांत गेले की मला काहीच समजावून सांगावं लागत नाही."

ओसीआय कार्ड येईल हो. पण दर रविवारी फोनवर आजीशी मराठीत बोलायला लेक कंटाळते, तेव्हा आता मी "जाऊ दे" म्हणत नाही.