बिऱ्हाड पाठीवर : संगणकीय मराठीचे स्थलांतर

संगणक बदलताना आपण नेमके काय हलवतो, हा प्रश्न इंग्रजीत लिहिणाऱ्याला फारसा पडला नाही. यंत्र बदलले तरी त्याचे अक्षर तेच राहिले. मराठीत मात्र बराच काळ अक्षर मजकुरात नव्हतेच. ते यंत्राच्या मांडणीत होते. त्यामुळे आपल्या अलीकडच्या लेखनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला या स्थलांतराचीही दखल घ्यावी लागेल.

डॉसच्या काळात ही गोष्ट शब्दशः खरी होती. आयआयटी कानपूर येथे जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. ते संगणकाच्या पोटात बसवायच्या कार्डाच्या रूपात मिळे. नवा संगणक घेतला की स्क्रू काढून मराठी उचलून न्यायची! तरीही त्यामागे इस्की ही सामाईक संकेतप्रणाली होती; १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली.

विंडोज आल्यावर सोय वाढली आणि, माझ्या मते, खरे नुकसान तेव्हाच सुरू झाले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे आपापल्या सोयीने बसवली. फाइलीत साठत गेले ते रोमन संकेतच. त्यांना मराठी करणारा फाँट निराळा. तो नसेल तर कवितेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. काही पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टात लावायचे 'डोंगल' नावाचे कुलूप असे. पुढच्या लॅपटॉपांवर तो पोर्टच राहिला नाही.

२००४ साली जॉन हॅलर यांनी फायरफॉक्सची 'पोर्टेबल' आवृत्ती काढली. विंडोजमधील बहुतेक प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज रजिस्ट्रीत ठेवतात. त्यामुळे नुसते फोल्डर उचलून भागत नाही. पोर्टेबल प्रोग्रॅम आपले सारे सामान स्वतःच्याच फोल्डरात ठेवतो. पेनड्राइव्ह नव्या यंत्राला लावला की खुणा, सवयी, मांडणी यांसह तो जसाच्या तसा उघडतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असेच म्हणायचे! परंतु या बिऱ्हाडात मराठी पूर्णपणे मावत नव्हती. वर्ड पोर्टेबल केले तरी फाँट विंडोजमध्येच बसवावा लागे, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तशी परवानगी सहसा नसे.

करमाडला, जालना रस्त्यावरच्या एका टायपिंगच्या दुकानात, एक जुना संगणक केवळ जुन्या फाइलींसाठी राखून ठेवलेला मी पाहिला आहे. त्यात लग्नपत्रिका आणि अर्ज आहेत, तसेच कुणाकुणाचे प्रबंधही. तो हलवायचा म्हणजे फाइली, फाँट, कळपाट आणि परवाना एकदमच हलवायला हवेत. मोडी वाचणारे निदान प्रशिक्षणाने तयार करता येतात. बंद पडलेल्या फाँटचे तसे नाही.

युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीला जागा मिळाली होती. मात्र घराघरांत ती पोचायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. एक्सपीतही कंट्रोल पॅनेलमध्ये खूण करून, मूळ सीडी घालून भारतीय लिप्यांचा आधार चालू करावा लागे. आता अक्षर मजकुरातच असल्याने फाँट बदलला तरी मजकूर टिकतो.

जुने लेखन परिवर्तकातून काढताना मात्र मराठीची खास वळणे अडतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये. त्यापूर्वी 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवले गेले. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला भेद रूपांतरात पुसला गेला, तर स्वयंपाकी एकदम विद्वान होतात. शिवाय हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही 'बिऱ्हाड' सारखीच. शोधयंत्राला पुष्कळदा एकच सापडते. जुन्या अंकांची सूची करणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही तऱ्हांनी शोध घेतलेला बरा.