हिमोग्लोबिन आणि ‘रेणूचा आजार’

आजाराचे मूळ अवयवात किंवा पेशीत असते, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत आले. ही समजूत हिमोग्लोबिनच्या अभ्यासाने बदलली.

१९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद केली. पेशी अशी का वाकते, हे मात्र उमगत नव्हते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी आणि आजारी व्यक्तींचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात तपासले. दोन्हींची गती वेगळी निघाली. म्हणजे दोष पेशीतील रेणूतच होता. १९५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका दाखवला : एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत फरक एवढाच! ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशी वाकते.

भारतात या पेशींची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मात्र २०२३ मध्ये सुरू झाली. कारण कळणे आणि उपचार रुग्णाच्या दारी पोहोचणे, यांतले हे अंतर विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.