पुढची काच, गार हवा आणि चालकाचे लक्ष

मोटार घेताना इंजिन, मायलेज आणि एअरबॅग यांची बारकाईने चौकशी होते. एसीबद्दल मात्र 'गार करतो ना?' एवढेच विचारले जाते आणि म्युझिक सिस्टीमबद्दल स्क्रीन किती इंची आहे तेवढे. डॅशबोर्डच्या मधोमध असलेली ही बटणे प्रवाशांच्या सुखासाठी आहेत, असा आपला समज असतो. वास्तविक चालकाला समोरचे किती दिसते, तो किती तरतरीत राहतो आणि त्याची नजर रस्त्यावर किती वेळ टिकते, हे बऱ्याच अंशी याच बटणांवर ठरते. ब्रेक आणि स्टिअरिंग जितके समजून घेतो तितकीच ही बटणे समजून घ्यायला हवीत, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात एसीपासून करू. कॉम्प्रेसरने दाबलेला वायू, ज्याला गॅरेजात नुसते 'गॅस' म्हणतात, तो रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो पुन्हा वायुरूप होताना हवेतली उष्णता शोषून घेतो. या कॉइलचे तापमान शून्य अंशाच्या थोडे वर राखलेले असते. त्याखाली गेले तर कॉइलवर बर्फ धरेल आणि हवेची वाटच बंद होईल. इतक्या गार पृष्ठभागावरून दमट हवा गेली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊन ते खाली ठिबकते. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली जे पाणी साचते ते हेच. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. ते खाली पडायचे थांबले आणि डाव्या सीटसमोरचे मॅटिंग ओले लागू लागले, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

म्हणजे एसी एकाच वेळी दोन कामे करतो: हवा गार करतो आणि कोरडी करतो. आपण पहिल्या कामासाठी त्याचे पैसे मोजतो. जीव वाचवण्याच्या दृष्टीने दुसरे काम अधिक मोलाचे आहे.

आता निळ्याकडून लाल रंगाकडे फिरणारा तापमानाचा नॉब घ्या. तो निळ्याकडे नेला की एसीचा जोर वाढतो, असे बहुतेकांना वाटते. पेट्रोल-डिझेलच्या बहुसंख्य गाड्यांत हा नॉब मुख्यतः एक झडप हलवतो. कॉइलवरून गार होऊन आलेली हवा इंजिनच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या हीटरमधून किती वळवायची, हे ती झडप ठरवते. त्यामुळे एसीचे बटण दाबलेले आणि नॉब लालकडे वळवलेला, ही जोडी मुळीच विसंगत नाही. हवा आधी कॉइलवर कोरडी होते, मग हीटरवर उबदार होते. आणि उबदार, कोरड्या हवेइतके काच साफ करणारे दुसरे काही नाही. ज्या गाड्यांत आपोआप तापमान राखण्याची सोय आहे, तिथे आणखी एक गैरसमज दिसतो. तापलेल्या गाडीत बसताक्षणी आकडा १६ वर नेला जातो. २४ ठेवले तरी यंत्रणा सुरुवातीला जवळजवळ पूर्ण जोरानेच चालते. १६ केल्याने गारवा लवकर येत नाही. तो नको तितका होतो आणि पुन्हा आकडा वर न्यायला हात जातो.

या सर्व बटणांची खरी परीक्षा पावसाळ्यात घाटात होते. जुलैमधला ताम्हिणी डोळ्यांपुढे आणा. गाडीत चौघे जण, सगळे धबधब्याखाली भिजून आलेले, मागे ओल्या छत्र्या, हातात भाजलेली कणसे. गारठा वाजतो म्हणून कोणीतरी एसी बंद करतो. बाहेर धो धो पाऊस, मग दमट हवा आत कशाला, म्हणून हवा आतल्या आत फिरण्यावर ठेवलेली. पहिल्या काही वळणांतच पुढच्या काचेवर कडेने धुरकट पट्टा चढू लागतो, वायपर वेगाने फिरवूनही समोरचे अंधुकच राहते, आणि चालक तळहाताने काच पुसतो. तळव्याचा तेलकटपणा काचेला लागतो आणि समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे त्या ओघळांतून पसरट दिसू लागतात.

हे का होते, याचा हिशेब साधा आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी बाष्परूपात सोडतो. चौघांचे १६० ग्रॅम झाले. लहान मोटारीच्या आत सुमारे ३ घनमीटर हवा मावते आणि २६ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते. म्हणजे गाडीभर मिळून सुमारे ७२ ग्रॅम. हवा आधीच ६० टक्के दमट असेल, तर उरलेली जागा जेमतेम २९ ग्रॅमची. काचा बंद, एसी बंद आणि हवा कोंडलेली धरली, तर ही जागा दहा-अकरा मिनिटांत भरते. ओल्या कपड्यांतून उठणारे बाष्प यात धरलेलेच नाही. शिवाय पावसाने गार झालेली काच आतल्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे तिच्यालगतची हवा त्याच्याही आधी पाणी सोडू लागते.

बाहेरची हवा आत घेण्याला जो आक्षेप असतो, तोही याच हिशेबाने निकालात निघतो. घाटात बाहेर २२ अंश असेल आणि हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल, तरी तिच्यात घनमीटरला सुमारे १९ ग्रॅमच पाणी असते. ती आत येऊन २६ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ८० टक्क्यांवर उतरते. आतल्या कोंडलेल्या हवेपेक्षा ही भरपावसातली हवादेखील कोरडी ठरते. म्हणून आतून काच धुरकटली तर एसी चालू करावा, हवा बाहेरून घ्यावी, ब्लोअर वाढवून झोत पुढच्या काचेवर सोडावा आणि थंडी वाजत असेल तर नॉब लालकडे न्यावा. पुढच्या काचेच्या आकाराचे, वर जाणाऱ्या नागमोडी बाणांचे चिन्ह असलेले डिफ्रॉस्टरचे बटण अनेक गाड्यांत यातली बरीचशी कामे एकदम करते. आयताकृती चिन्ह मागच्या काचेचे. तिथे हवेचा संबंध नाही, काचेवरच्या बारीक तारा विजेने तापतात. काच आतून स्वच्छ ठेवणे हाही उपायच आहे, कारण धुळीच्या आणि तेलकट थरावर बाष्प लवकर धरते.

इथे एक महत्त्वाचा अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण त्यात वरचा उपाय अर्धवट लावला तर उलटा पडतो. कोकणात पावसाळी रात्री एसी जोरात चालू असतो, गार झोत काचेवर लागतो आणि काच एकाएकी दुधाळ होते. हे बाष्प बाहेरच्या बाजूला असते. गार पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब धरतात, तसे बाहेरच्या दमट हवेतले पाणी थंड काचेवर जमते. या वेळी काचेवर आणखी गार हवा सोडणे म्हणजे दोष वाढवणे. झोत काचेवरून काढून अंगाकडे वळवावा, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवावे आणि वायपर फिरवावा. दोष कोणत्या बाजूचा आहे हे ओळखायची खूणही वायपरच आहे: त्याच्या एका फेऱ्यात काच साफ झाली तर बाष्प बाहेर, नाही तर आत. ही एवढी एक गोष्ट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवली गेली तरी पुष्कळ होईल.

हवा आतलीच फिरवायची की बाहेरची घ्यायची, हे ठरवणारे बटण वर आलेच आहे. पण त्याचे काम काचेपुरते संपत नाही. कडक उन्हात, धूर सोडणाऱ्या ट्रकमागे किंवा बोगद्यात आतली हवा फिरवणे योग्यच. एकदा गार केलेली हवाच पुन्हा गार करायची असल्याने एसीवरचा भारही कमी होतो. मात्र रात्रीच्या लांबच्या प्रवासात हे बटण तासन्‌तास दाबलेले राहते, ते घातक आहे. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघांच्या श्वासाने दहा मिनिटांत १२ लिटरची भर पडते. ३,००० लिटरच्या बंदिस्त जागेत ही भर दहा लाखांत ४,००० भाग इतकी होते. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण ४२० च्या आसपास असते. गाडी पूर्ण हवाबंद नसल्याने प्रत्यक्षात आकडा इतक्या वेगाने चढत नाही, पण चढतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास मागचे सगळे झोपलेले असताना चालकाचे डोके जड होते, त्यात अपुऱ्या झोपेबरोबर या कोंदट हवेचाही हात असतो. झोप आली तर गाडी थांबवणे हाच उपाय. पण हवा बदलत ठेवणे तर आपल्या बोटाच्या अंतरावर आहे.

उन्हात उभ्या गाडीबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हातल्या बंद गाडीचे आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा थोड्या खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. तेव्हा 'दोन मिनिटांत येतो' म्हणून मुलाला गाडीत ठेवून जाणे कधीही क्षम्य नाही. आपण स्वतः बसताना आधी चारी काचा उतरवून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू ओढवून घेणे आहे.

नियंत्रणाचे महत्त्व या यंत्राच्या इतिहासातही दिसते. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार आणली. तिच्यातला एसी बंद करायचा तर खाली उतरून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. चालवणाऱ्याच्या हाताशी बटण नसलेली सोय फार काळ टिकली नाही. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. मालमोटार चालवणारा माणूस वैशाखात दिवसभर इंजिनाशेजारी भाजत बसतो, हे कायद्याने मान्य करायला इतकी वर्षे लागली याचे वाईट वाटते. निर्णय मात्र निःसंशय योग्य आहे.

आता आवाजाकडे वळू. एसी आणि म्युझिक सिस्टीम यांचा एक संबंध सहसा ध्यानात येत नाही: ब्लोअर चारवर असला की त्याच्या घोंघाटावर मात करायला गाण्याचा आवाज वाढतो. महामार्गावर टायर आणि वारा यांच्या आवाजाने तो आणखी चढतो. टोलनाक्यावर गाडी थांबताच तेच गाणे कर्कश वाटले, तर मघापासून ते गरजेपेक्षा मोठेच होते असे ओळखावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे प्रौढांच्या कानांना निर्धोक असते आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला ती पाच तासांवर येते. कानांचे नुकसान हळूहळू होते, रस्त्यावरचे तत्काळ. घाटातल्या आंधळ्या वळणावर 'हॉर्न वाजवा' अशी पाटी असते. समोरच्याने ती पाळली, पण आपल्या गाडीत गाणे दणदणत असले, तर त्या पाटीचा उपयोग काय? मागची मंडळी झोपली असतील तर फेडरने आवाज पुढच्या स्पीकरकडे घ्यावा. कमी आवाजात चालकाला स्पष्ट ऐकू येते.

सर्वांत गंभीर प्रश्न नजरेचा आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की चालकाला गाडीतल्या उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांहून अधिक पाहावे लागू नये आणि एका कामासाठी एकूण नजर बारा सेकंदांपेक्षा जास्त हटू नये. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ४४ मीटर जाते. नॉबला खाचा असतात, खटके असतात. बोटाला तो सापडतो आणि किती फिरला हेही बोटालाच कळते. स्क्रीनवरच्या चित्राला कड नसते, म्हणून तिथे डोळे न्यावेच लागतात. स्वीडनच्या 'व्ही बिलेगारे' या मासिकाने २०२२ मध्ये याची मोजणी केली. तापमान वाढवणे, काचेचा डिफ्रॉस्टर लावणे, रेडिओ केंद्र लावणे अशा कामांना बटणे असलेल्या २००५ च्या व्होल्व्हो व्ही-७० मध्ये दहा सेकंद लागले. एमजीच्या मार्व्हल-आर या पडदेवाल्या गाडीत सुमारे ४५ सेकंद. ताशी ११० किलोमीटर वेगाने जुन्या गाडीने तेवढ्यात ३०६ मीटर अंतर कापले, नव्या गाडीने १,३७२ मीटर.

युरोपची सुरक्षा चाचणी संस्था युरो एनकॅप हिने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांची नियंत्रणे प्रत्यक्ष बटणांची असावीत अशी अट घातली. फोक्सवॅगनने आवाज, तापमान आणि पंखा यांची बटणे नव्या गाड्यांत परत आणणार असल्याचे २०२५ मध्ये सांगितले. युरो एनकॅपच्या यादीत काचेचा डिफ्रॉस्टर नाही, ही मला उणीव वाटते. सह्याद्रीच्या पावसात वायपरइतकीच त्याचीही गरज पडते, आणि ती पडते तेव्हा पडद्यावर तो शोधत बसायला वेळ नसतो.

गाडी बघायला जाल तेव्हा शोरूममध्ये चालकाच्या जागेवर बसा, नजर समोर ठेवा आणि तीन कामे करून पाहा: डिफ्रॉस्टर लावा, हवा आतून बाहेरची करा, आवाज कमी करा. तिन्ही बोटांनी जमली नाहीत, तर ती गाडी घेण्याआधी पुन्हा विचार करा. आणि घरी असलेल्या गाडीत हा सराव पहिल्या पावसाआधी, गाडी उभी असताना करा.