पहिलीच परदेशवारी, तीही डिसेंबरात : प्राग, व्हिएन्ना की बुडापेस्ट?

डिसेंबर जवळ आला की इन्स्टावर तीच रील फिरायला लागते. दगडी चौक, मधोमध दिव्यांनी लगडलेलं झाड, हातात वाफाळता कप आणि वरून भुरभुरणारा बर्फ. खाली कमेंटमध्ये मित्राला टॅग करून लिहिलेलं असतं, 'यंदा जायचंच!' मग घरी विषय निघतो आणि गाडी एकाच प्रश्नावर अडते, जायचं नेमकं कुठे?

युरोपातली ऐतिहासिक शहरं म्हटली की प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही तीन नावं हमखास एकत्र येतात. एका ओळीत आहेत, रेल्वेने जोडलेली आहेत आणि तिन्ही देश एकाच शेंगेन व्हिसावर पाहता येतात. पण तिन्ही शहरं सारखी नाहीत. पहिल्याच ट्रिपला, घरच्यांचे कष्टाचे पैसे लावून जाताना हा फरक माहीत असलेला बरा.

आधी थंडीचं खरं काय ते बघू

रीलमधल्या बर्फाची गॅरंटी कोणीच देत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिन्ही ठिकाणी तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं. पण बऱ्याचदा बर्फाऐवजी धुकं, ढग आणि बारीक रिमझिमच वाट्याला येते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे शाळा सुटायच्या आधी तिकडे अंधार! दिवस जेमतेम आठ तासांचा. म्हणून माझं मत असं की शहर निवडताना 'तिथे बघायला काय आहे' यापेक्षा 'चारनंतर आपण काय करणार' हा प्रश्न आधी विचारा.

प्राग : खरंखुरं जुनं

मध्ययुगीन युरोप बघायचा असेल तर या तिघांत प्राग पुढे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातली कित्येक शहरं बेचिराख झाली, प्राग बरंचसं वाचलं. त्यामुळे १३५७ मध्ये पायाभरणी झालेला चार्ल्स पूल, १४१० पासूनचं खगोलीय घड्याळ, टेकडीवरचा किल्ला असं सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे.

हिवाळ्याचा एक फायदा इथेच मिळतो. रिकामा चार्ल्स पूल बघायला उन्हाळ्यात पहाटे उठावं लागतं. डिसेंबरात सूर्यच आठच्या आसपास उगवतो, आणि आपलं घड्याळ साडेचार तास पुढे असल्यामुळे पहिले दोन दिवस तुम्हाला तशीही पहाटे तीनला जाग येणार आहे.

अडचण आहे ती पायांची. प्रागची मजा चालण्यात आणि रस्ते सगळे गोट्या-दगडांचे, ओले झाले की घसरडे. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर नीट विचार करा. किल्ल्यापर्यंत २२ नंबरची ट्राम जाते, तिथून उतरत खाली या, चढत जाऊ नका.

पैसे बदलताना इथे जास्त जपा. चलन युरो नाही, कोरुना आहे. चौकाचौकांत पैसे बदलून देणारी दुकानं आहेत आणि काहींचे दर चक्क लुटणारे असतात. मात्र चेक कायद्यानुसार १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती सांभाळा.

व्हिएन्ना : चारनंतरचं शहर

हे हॅब्सबर्ग घराण्याच्या राजधानीचं शहर. एकट्या शोनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत (पर्यटकांना त्यातल्या मोजक्याच दाखवतात, घाबरू नका). १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने जुनी तटबंदी पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी रिंगश्ट्रास हा रुंद रस्ता झाला. ऑपेरा, संसद, मोठी म्युझियम्स त्याच्याच कडेने उभी आहेत.

त्या तटबंदीसमोर १६८३ मध्ये ऑटोमन सैन्याचा वेढा पडला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे संभाजी महाराज पोर्तुगीजांवर, गोव्याच्या दिशेने चालून गेले होते. अशी सांगड घातली की परक्या देशातला इतिहास पटकन डोक्यात बसतो.

अंधार पडल्यावर व्हिएन्नात सगळं छताखाली मिळतं. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये अख्खी दुपार जाते, एका कॉफीवर कॅफेत तासन्‌तास बसलं तरी कोणी उठवत नाही आणि ऑपेरात उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं असतात. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर माझं मत सरळ व्हिएन्नाला. खर्च मात्र तिघांत इथेच जास्त. रविवारी बहुतेक दुकानं बंद, खरेदी शनिवारीच उरका.

बुडापेस्ट : खिशाला हलकं, अंगाला गरम

बुडापेस्ट जुनं दिसतं, पण त्याचा बराच थाट एकोणिसाव्या शतकातला. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही गावं १८७३ मध्ये एकत्र होऊन हे शहर बनलं. १८९६ ची त्यांची मेट्रो आजही धावते. १९४४-४५ च्या वेढ्यात डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले गेले, त्यामुळे आज दिसणारा चेन ब्रिज १९४९ मध्ये पुन्हा उभारलेला आहे.

पण थंडीत इथे यायचं खरं कारण म्हणजे गरम पाणी. १९१३ च्या सेचेनी स्नानगृहात उघड्यावरचे कुंड आहेत. बाहेर शून्य अंश, डोक्यावर धुकं आणि तुम्ही गळ्यापर्यंत कोमट पाण्यात! आपल्या वज्रेश्वरीची आठवण येईल, फक्त इथे स्विमसूट लागतो. मुलं सोबत असतील तर वयाची अट आधी तपासा. संध्याकाळी २ नंबरच्या ट्रामने नदीकाठाने जा, उजळलेली संसद तिकिटाच्या पैशात दिसते. चलन फोरिंट.

शाकाहारी मंडळींसाठी लांगोश नावाचा तळलेला प्रकार आहे. आपल्या भटुऱ्याचा भाऊच, वर चीज आणि आंबट क्रीम. गुलाश मात्र विचारल्याशिवाय मागवू नका, त्यात बहुधा बीफ असतं.

तारखा आणि व्हिसा

२४ डिसेंबरच्या दुपारनंतर ही शहरं घरात शिरतात. दुकानं बंद होतात, बुडापेस्टमध्ये ट्राम-बसही कमी होतात. त्या रात्रीचं जेवण आधी बुक करा, नाहीतर बॅगेतल्या ठेपल्यांवर ख्रिसमस साजरा होईल. व्हिएन्नातले बरेच ख्रिसमस बाजार २६ तारखेपर्यंत आवरतात, प्रागच्या जुन्या चौकातला साधारण ६ जानेवारीपर्यंत चालतो. गर्दी आणि भाव दोन्ही नको असतील तर जानेवारीचा दुसरा आठवडा बघा, पण मग बाजार नसतील हे धरून चला.

व्हिसा फी प्रौढांना ९० युरो, म्हणजे नऊ हजारांहून जास्त, आणि वर केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. शिवाय अपॉइंटमेंटच मिळता मिळत नाही, म्हणून सप्टेंबरातच हालचाल करा. किमान ३०,००० युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज करायचा तो जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, आणि रात्री समसमान असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे.

सात दिवसांत तिन्ही शहरं कोंबायचा मोह होईल. होतंही, पण आठ तासांच्या उजेडातले तास बॅगा भरण्यात जातात. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन. मला विचाराल तर व्हिएन्नात चार रात्री, बुडापेस्टमध्ये तीन. जाताना व्हिएन्नात उतरा आणि परतीचं विमान बुडापेस्टहून धरा. प्राग उन्हाळ्यासाठी ठेवा, तेव्हा उजेड रात्री नऊपर्यंत असतो.