ध्वनिमुद्रणाची प्रत (भारतीय प्रताधिकार)

मुद्रित संगीताची नक्कल कोणी, केव्हा व कोणत्या अटींवर करावी यासंबंधीचे नियम. मूळ आधार प्रताधिकार अधिनियम, १९५७ (अंमल २१ जानेवारी १९५८ पासून). १९८४, १९९४ व २०१२ च्या दुरुस्त्या महत्त्वाच्या.

एका गाण्यात तीन निरनिराळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा व ध्वनिमुद्रणाचा. पहिले दोन कवी व संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात, तिसरा प्रकाशनानंतर ६० वर्षे. १९६४ साली निघालेल्या तबकडीवरील हक्क २०२४ अखेर संपला. मात्र तेवढ्याने ती पुन्हा काढून विकण्याची मुभा मिळत नाही, कारण शब्द व चाल यांचे हक्क शिल्लक असू शकतात. उदाहरणार्थ, कवी ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले, संगीतकार सुधीर फडके २००२ साली. त्यांच्या गीतांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत व चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. जुन्या तबकड्यांचे पुनःप्रकाशन करू पाहणाऱ्याने आधी हेच तपासावे.

खासगी प्रत : स्वतःच्या वापरासाठी प्रत करण्याची कलम ५२ मधील सवलत २०१२ पर्यंत साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरती होती, ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे तबकडीवरून कॅसेट भरून घेण्याची जी रीत घरोघरी होती, तिला कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावली वगळता सर्व कृती या सवलतीत आल्या. उसन्या आणलेल्या तबकडीची प्रत तीत बसते का, यावर एकमत नाही. व्यापारी सेवेला मात्र ग्राहकाच्या खासगी वापराची सबब चालत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक (२०१९) या खटल्यात ठरविले.

कव्हर व्हर्जन : गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने १९८० च्या दशकात जुन्या चित्रपटगीतांची नव्या आवाजातील मुद्रणे मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. आता कलम ३१-ग नुसार पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते (पूर्वी दोन), दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन द्यावे लागते आणि वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा चित्र छापता येत नाही.

जतन : बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या तबकडीची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. ही तरतूद खासगी संग्राहकांना लागू नाही, ही कायद्यातील गंभीर उणीव होय. कारण जुन्या मुद्रणांचा मोठा ठेवा त्यांच्याच घरी आहे.

शिक्षा : सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते दोन लाख रुपये दंड.