बहात्तरचे तलाव आणि त्यांच्याखालची हिरवी रेघ

उन्हाळ्यात बालाघाटाच्या डोंगरावरून खाली बघा. सगळं माळरान पिवळं, कुसळी वाळलेली. मधेच एखाद्या ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभळाची हिरवी रेघ दिसते. ती धरून वर चालत गेलं की बहुतेकदा मातीचा एक बांध लागतो. गावात विचारा, उत्तर ठरलेलं : "हा बहात्तरच्या दुष्काळातला."

१९७२ ला पाऊस गेला, तेव्हा बीडसह मराठवाड्यातली माणसं सरकारी कामावर गेली. खडी फोडली, रस्ते केले, नालाबंडिंग केलं, पाझर तलाव बांधले. सुकडी आणि मिलो खाऊन, डोक्यावर टोपल्या वाहून. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली. १९७७ ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पाझर तलावाला कालवा नसतो. हे पाणी साठवायचं कमी आणि मुरवायचं जास्त. आपल्या काळ्या पाषाणाच्या वरच्या थरात मुरूम आणि भेगा असतात. त्यातून पाणी हळूहळू खालच्या विहिरींना जातं.

त्यामुळे एकाच शिवारात तीन तऱ्हा झाल्या. तलावाच्या वरच्या उतारावर फारसा फरक नाही. तिथं बोर, तरवड, सीताफळ पूर्वीसारखंच, पावसावर जगणारं. (बीडच्या सीताफळाला २०१६ ला जीआय मानांकन मिळालं, ते याच कोरड्या डोंगराचं देणं.) पाणी ओसरतं तशी तलावाच्या पोटात हराळी, लव्हाळा उगवतो, कुठं गाळपेर होते. गुरांना शेवटचा हिरवा घास तिथंच. खरा बदल बांधाच्या खाली झाला. विहिरींना पाणी टिकलं, जिरायतीचं बागायत झालं, ओढ्याकाठची झाडं उन्हाळा काढू लागली.

पण पुढं वीजपंप आले, ऊस आला, बोअर आले. पाणी अख्ख्या गावाच्या घामाने मुरलं, उपसलं मात्र ज्याची विहीर बांधाजवळ त्यानं. वरच्या माळावरचा माणूस कोयता घेऊन दुसऱ्याचा ऊस तोडायला बाहेर जात राहिला. उपसा वाढला तशी ओढ्याकाठची झाडंही सुकत गेली.

आज बरेच तलाव गाळानं भरलेत. गाळ बसला की तळ लिंपल्यासारखा होतो, पाणी मुरत नाही, नुसतं उन्हानं उडून जातं. काठावर बेशरम, बांधावर वेडी बाभूळ. लांबून हिरवं दिसतं म्हणून खुश होऊ नका. झाडांची मुळं बांधात शिरतात, ती कुजली की तिथूनच पाणी वाट काढतं. मातीचा बांध असाच फुटतो.

२०१६ ला पहिल्या वॉटर कपमध्ये अंबाजोगाई तालुक्यानं श्रमदान करून दाखवलं. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. नवं खोदलं की फोटो निघतात, जुनं राखलं की कुणी विचारत नाही. म्हणून पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा : गाळ कधी काढणार? बांधावरची झुडपं कोण तोडणार? आणि तलावाखाली कोण किती उपसतंय, त्याची नोंद कुठाय?

तलाव आपल्या आज्या-आजोबांनी उपाशीपोटी बांधलेत. खालची हिरवी रेघ दरवर्षी आखूड होत असेल, तर तलाव काम करत नाही किंवा पाणी कुणीतरी आधीच पळवतंय. दोन्हीचा जाब गावानंच विचारायचाय.