तळटीप १४ : ‘सीटीएक्स.कॅनव्हास’
१४. ब्राउझरमध्ये चित्र उमटते ते ‘कॅनव्हास’ या घटकावर; अ‍ॅपलने तो २००४ साली आणला. रेषा, रंग, अक्षरे काढण्याच्या आज्ञा मात्र त्याच्या ‘कॉन्टेक्स्ट’ला द्याव्या लागतात, आणि वरील फंक्शनच्या हाती तेवढाच आहे, ‘सीटीएक्स’ या नावाने. ‘सीटीएक्स.कॅनव्हास’ लिहिले की त्यामागचा मूळ पृष्ठभाग मिळतो. येथे तो रुंदी-उंचीसाठी हवा आहे. मापे दिलेली नसतील तर ती ३०० आणि १५० पिक्सेल धरली जातात. पुढची ओळ विशेष जपून वाचावी: रुंदीला नवी किंमत दिली, अगदी आधीचीच पुन्हा दिली, तरी काढलेले सगळे चित्र पुसले जाते. वेबजीएलच्या कॉन्टेक्स्टलाही ‘कॅनव्हास’ हा गुणधर्म असतो.